दुखण्याचं सोंग

गेल्या शनिवारी माझा नवरा सोळा वेळा वारला. सकाळी आठला पहिल्यांदा आणि साडेअकराच्या सुमारास शेवटचा. खरा नवरा खाली पार्किंगमध्ये, गाडीत हीटर लावून, थर्मासमधला चहा पीत बसला होता, कारण बर्फात मी गाडी चालवत नाही. वर चौथ्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत दर दहा-बारा मिनिटांनी पांढऱ्या कोटातलं एक नवीन पोर दारावर टकटक करायचं, आपलं नाव सांगायचं, खुर्ची पुढे ओढायचं आणि मला ती बातमी द्यायचं. प्रत्येक वेळी मी तेवढीच दचकले, तेवढंच रडले, आणि ‘पण सकाळी तर ते चहा पिऊन गेले होते’ हे वाक्य त्याच जागी म्हटलं.

नागपूरच्या नणंदेला हे फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. “वहिनी, असं तोंडातून काढू नये हो, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो.” आता कॅनडातल्या वास्तूला मराठी किती कळतं कोण जाणे, पण तेव्हापासून घरी तालीम करताना ‘नवरा’ऐवजी मी ‘पात्र क्रमांक दोन’ म्हणते.

ह्या कामाला इथं स्टँडर्डाइज्ड पेशंट म्हणतात. शब्दकोशात प्रमाणित रुग्ण असं काहीतरी होईल. मी सोंगाडी पेशंट म्हणते. वर्ध्याला शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवलं, राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर चार-पाच वर्षं तोंडाला रंग लावला, आणि लेकीपाशी मिसिसागाला आल्यावर एके दिवशी वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी दिसली: वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रुग्णाची भूमिका करणारे हवेत, अनुभव नको. अनुभव नको हे वाचून जरा रागच आला होता. आता बारा वर्षं झाली. करारावर सही केली आहे, तेव्हा विद्यापीठाचं नाव सांगत नाही, आणि केसचे तपशील इथं मी अदलून-बदलून दिले आहेत.

काम दिसतं तितकं सोपं नाही. सहा-सात पानांची संहिता येते. त्यात तीन रकाने असतात. काय आपणहून सांगायचं, काय विचारलं तरच सांगायचं, आणि काय नेमक्या शब्दांत विचारल्याशिवाय अजिबात सांगायचं नाही. उदाहरणार्थ, पोटदुखीची बाई घरात दारू पिते हे तिसऱ्या रकान्यात. त्या बाईची मुलं कुठं असतात, ती चष्मा लावते का, शेवटचं कधी जेवली, सगळं पाठ असावं लागतं. नाटकात प्रयोगागणिक थोडं निराळं झालं तर दाद मिळते. इथं काम जातं. पहिल्या मुलाला मी रडून दाखवलं आणि नवव्या मुलीला नुसता हुंदका दिला, तर नववीवर अन्याय झाला.

ज्या परीक्षेसाठी ही सोंगं लागतात ती निघाली स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात. रोनाल्ड हार्डेन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ साली तिची मांडणी प्रसिद्ध केली. ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत एक काम, घंटा वाजली की सगळ्यांनी एक घर पुढे. कुणी छाती तपासतो, कुणी एक्स-रे वाचतो, कुणी माझ्यासारखीला वाईट बातमी देतो. सर्वांना तेच रुग्ण, तेवढाच वेळ, तीच गुणपत्रिका. तिला ऑस्की म्हणतात. १९९२ साली कॅनडाच्या मेडिकल कौन्सिलनं राष्ट्रीय परवाना-परीक्षेचा दुसरा भाग अशा फिरत्या परीक्षेचा केला. पदवीनंतर वर्षभर काम केलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरनं ती द्यायची. संबंध देशाच्या परवान्यासाठी असं करणारा हा पहिला देश.

आपल्याकडचा प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गंमत पटेल. माझी एक भाची नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात एमबीबीएस झाली. तिच्या प्रॅक्टिकलला ‘लाँग केस’ आणि ‘शॉर्ट केस’ असायची. वॉर्डातलाच खरा पेशंट, आणि कोणता वाट्याला येईल ते नशीब. एकाला साधा न्यूमोनिया, दुसऱ्याला असा मेंदूचा आजार की परीक्षकांचंही एकमत नाही. आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉयकडून ‘उद्या कोणत्या केस ठेवल्यात’ याची बातमी काढायची. एका म्हाताऱ्याच्या हृदयाची खरखर इतकी छान ऐकू यायची की तो सलग तीन वर्षं परीक्षेला बोलावला जात होता. भाचीनं स्टेथोस्कोप लावण्याआधीच त्यानं हळूच विचारलं, “मायट्रल लिवता का ऑर्टिक? कालच्या पोरानं ऑर्टिक लिवलं आन् नापास झाला.” तिनं त्याला चहा-बिस्किटं दिली. पास झाली. आज ती उत्तम फिजिशियन आहे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तीच मला फोन करेल.

त्या म्हाताऱ्याची आठवण मला हॉवर्ड बॅरोज यांची हकिगत वाचताना झाली. बॅरोज मेंदूविकारांचे डॉक्टर. एका परीक्षेनंतर एका खऱ्या रुग्णानं त्यांना सांगितलं की तपासणाऱ्या डॉक्टरनं मला फार दांडगाईनं हाताळलं, म्हणून मी मुद्दाम लक्षणं बदलून दाखवली. बॅरोजना दोन गोष्टी एकदम कळल्या. रुग्ण लक्षणांचं सोंग आणू शकतो, आणि डॉक्टर कसा आहे हे त्याला परीक्षकाच्या आधी कळतं. १९६३ साली लॉस एंजेलिसला, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, त्यांनी एका बाईला लकव्याची रुग्ण व्हायला शिकवलं. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणारी ती बाई. वर्तमानपत्रांनी टर उडवली, हॉलिवूड आता मेडिकल कॉलेजात शिरलं म्हणून. पुढं सत्तरच्या दशकात बॅरोज ऑन्टॅरिओत, आमच्या घरापासून पाऊण तासावरच्या हॅमिल्टनला, मॅकमास्टर विद्यापीठात आले. ‘स्टँडर्डाइज्ड’ हा शब्दही तिथल्याच जेफ्री नॉर्मन यांचा. तेव्हा माझ्या पोटापाण्याचं गाव खरं म्हणजे हॅमिल्टन.

आणि हॅमिल्टनचं नाव निघालं की माझ्या डोक्यात सेवाग्राम येतंच. त्याला कारण आहे.

१९६९ साली दोन मेडिकल कॉलेजं सुरू झाली. एक मॅकमास्टरचं. जॉन इव्हान्स नावाचा पस्तिशीतला हृदयरोगतज्ज्ञ त्याचा पहिला डीन. पहिल्या वर्गात फक्त २० विद्यार्थी. दुसरं गांधीजींच्या जन्मशताब्दीत डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारानं काढलेलं. दोघांना एकमेकांची खबर असेल असं मला वाटत नाही. पण दोघांचं भांडण एकाच गोष्टीशी होतं: दोन वर्षं बाकावर बसून शरीररचना पाठ करायची आणि माणूस मग कधीतरी बघायचा.

मॅकमास्टरनं बाक काढून टाकले. व्याख्यानं जवळजवळ बंद. पाच-सात विद्यार्थी, एक मार्गदर्शक, आणि टेबलावर एका रुग्णाची गोष्ट. पंचेचाळीस वर्षांचा पोलादाच्या कारखान्यातला कामगार, जिना चढताना दम लागतो. (हॅमिल्टन पोलादाचं शहर; आपलं भिलाई समजा.) का लागतो? तर मग हृदय वाचा, फुप्फुस वाचा, त्याची नोकरी गेली तर काय तेही वाचा, आणि गुरुवारी एकमेकांना शिकवा. अभ्यासक्रम तीनच वर्षांचा. आणि परीक्षा? नाही. गटातला मार्गदर्शक सांगेल कोण कसा चाललाय ते. जगभरातून माणसं हा चमत्कार बघायला आली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टनं १९७४ मध्ये आपलं कॉलेजच ह्या धर्तीवर उभारलं.

सेवाग्रामनं दुसरा रस्ता धरला. प्रत्येक बॅचनं एक गाव दत्तक घ्यायचं. विद्यार्थी पंधरा दिवस गावातच मुक्कामाला, प्रत्येकाला काही घरं वाटून दिलेली, आणि नंतरही त्या घरांकडं जात राहायचं. त्यातलं एक घर आमचं होतं.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. खादीचा सलवार-कुर्ता घातलेली एक मुलगी वही घेऊन आली. उत्तरेकडची होती, मराठी जेमतेम. घरात माणसं किती, पाणी कोणत्या विहिरीचं, काल काय खाल्लं, संडास कुठं, असं लिहून घेत बसली. माझी आजी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “काय लिहून राहिली वं पोरी? माह्या गुडघा दुखते, आन् तू आमचे गडवे मोजते!” मुलीला निम्मं कळलं असेल. तिनं वही मिटली आणि गुडघा पाहिला. “दर्द कैसा है?” आजी म्हणाली, “ठणकत नाही. चमकते. बसून उठलं का चमकते.” मग ठणका वेगळा आणि चमक वेगळी हे समजावण्यात तासभर गेला. कळ पोटात येते, शिणक पाठीत भरते, ठणका गळवाला लागतो, भगभग जखमेची होते. आजीनं प्रत्येकाचा अभिनय करून दाखवला. नाटकाचं वेड मला कुठून आलं हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. त्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर ते शब्द देवनागरीत लिहून घेतले. पुढच्या महिन्यात आली तेव्हा आल्या-आल्या विचारलं, “आजी, चमकते?”

आता हॅमिल्टनच्या बिनपरीक्षेच्या नवलाईचं काय झालं ते ऐका, कारण सुधारणेच्या उत्साहात हा भाग कुणी सांगत नाही. मॅकमास्टरची मुलं तीन वर्षांनी देशाच्या परवाना-परीक्षेला बसत. ऐंशीच्या दशकात त्यांच्यातलं नापासांचं प्रमाण इतर कॉलेजांपेक्षा जास्त दिसायला लागलं. गटातल्या मार्गदर्शकांचे अभिप्राय तपासले तर त्यातून फारसं काही कळत नव्हतं. सहा महिने एका टेबलाशी बसलेल्या पोराला ‘तुला काही येत नाही’ असं लिहून देणं कुणाला जमणार? शिक्षिका म्हणून मी हे शपथेवर सांगेन. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी परीक्षा परत आणली, पण वेगळ्या वळणानं. दर चार महिन्यांनी १८० प्रश्नांची एक चाचणी. पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीच. नव्या मुलाला त्यातलं फार थोडं येणार, आणि यावंच अशी अपेक्षाही नाही; बघायचं ते हे की चार महिन्यांपूर्वीपेक्षा आज किती जास्त येतं. घोकंपट्टी करून उपयोग नाही, कारण अभ्यासक्रमच नाही, सगळं वैद्यक आहे. कल्पना मास्ट्रिख्टची. म्हणजे शिष्यानं गुरूला शिकवलं. नंतर नापासांचं प्रमाण उतरलं.

मला ही गोष्ट आवडते ती ह्या माघारीसाठी. आपली फसलेली कल्पना मोजून बघितली, चुकलं असं म्हटलं, आणि निम्मी ठेवून निम्मी बदलली. गटातली चर्चा आजही चालू आहे.

डॉक्टरकडून नेमकं हवं काय, हा प्रश्न इथं सुटला तो मात्र संपामुळं. आपल्याकडं ‘मार्ड’चा, म्हणजे निवासी डॉक्टरांचा, संप म्हटलं की विद्यावेतन आणि वसतिगृह, इथं १९८६ साली ऑन्टॅरिओचे डॉक्टर संपावर गेले ते वरकड फी घेण्यावर सरकारनं बंदी आणली म्हणून. २५ दिवस चालला. लोक डॉक्टरांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत, आणि त्याचा डॉक्टरांनाच धक्का बसला. आपण इतके परके कधी झालो? त्या हादऱ्यातून एक प्रकल्प निघाला: ऑन्टॅरिओच्या भावी डॉक्टरांना शिकवायचं कसं, हे ठरवण्याआधी लोकांना विचारायचं. गट भरवले, रुग्णांना, म्हाताऱ्यांना, स्थलांतरितांना विचारलं. त्यातून डॉक्टरच्या आठ भूमिका निघाल्या. त्यांच्यावरून विशेषज्ञ डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं १९९६ मध्ये ‘कॅनमेड्स’ ही चौकट केली. तज्ज्ञ, संवाद साधणारा, इतरांबरोबर काम करणारा, व्यवस्थापक (२०१५ नंतर त्याला नेता म्हणू लागले), लोकांच्या आरोग्यासाठी भांडणारा, अभ्यासू, आणि आपल्या पेशाला जागणारा. हे सात झाले. लोकांच्या यादीतली आठवी भूमिका होती ‘माणूस म्हणून डॉक्टर’. ती पुढच्या यादीत आली नाही. मोजता येत नाही म्हणून गळली की सातांत मिसळली, तज्ज्ञ काही म्हणोत; शिमग्याला सोंग काढताना मुखवटे सगळे आणले आणि तोंड घरी राहिलं, असं मला आपलं वाटतं.

चौकट आली की खाने आलेच. २०१७ पासून रॉयल कॉलेजनं विशेषज्ञांच्या प्रशिक्षणात क्षमतेवर आधारलेली पद्धत टप्प्याटप्प्यानं आणली, आरंभ भूलशास्त्र आणि कान-नाक-घसा ह्या दोन शाखांपासून. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठानं तर त्याच वर्षी सगळ्या शाखा एकदम बदलल्या. विचार सरळ आहे. पाच वर्षं भरली म्हणून सर्जन झाला असं म्हणायचं नाही. हे-हे काम कुणी शेजारी उभं न राहता त्याच्यावर सोपवता येतं का, ते प्रत्येक कामापुरतं पाहायचं आणि पाहणाऱ्यानं तिथंच लिहून ठेवायचं. रिक्षावाल्याच्या बॅजसारखं एकदाच मिळालं आणि झालं असं नाही. तबलजीच्या गुरूसारखं, हा कायदा आला, आता रेला घे.

तर हे लिहून ठेवणं मोबाइलवर असतं. माझ्या लेकीच्या शेजारी एक रेसिडेंट राहतो. रात्री अकराला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटला. म्हणाला, आज दिवसभरात मी दोन बाळंतपणं केली आणि फॉर्म भरून घ्यायला चौदा मेसेज पाठवले. वरिष्ठ डॉक्टर भला माणूस, पण त्याच्या फोनवर अशा वीस विनंत्या. मग तो रविवारी चहा पिता-पिता सगळ्या एका बैठकीत मंजूर करतो. ‘छान काम. वाचत राहा.’

हे ऐकून मी मनापासून हसले, कारण भारतातही २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतेवर आधारलेला केला आहे, त्यात लॉगबुक आहे, आणि संवाद-वृत्ती-नीती यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भाग आहे. भाचीची मुलगी आता एमबीबीएसला आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. तिच्या लॉगबुकातल्या सहा महिन्यांच्या सह्या एकाच दुपारी, एकाच निळ्या पेनानं झाल्या. सरांचा हात दुखला म्हणून शेवटच्या दोन पानांवर नुसत्या आद्याक्षरांवर भागलं. हजारो कोसांवर दोन देश, आणि माणसाची जात तीच.

माझ्या खोलीतही तेच होतं, फक्त सहीऐवजी सहानुभूती असते. गुणपत्रिकेवर एक ओळ असते, की रुग्णाच्या भावनांची दखल घेतली का. गेल्या शनिवारच्या सोळांपैकी अकरा जणांनी एकाच सुरात म्हटलं, ‘हे तुमच्यासाठी फार कठीण असणार.’ सुरुवातीला दोन सेकंद थांबायचं, डोकं उजवीकडं जरा कलतं करायचं, मग वाक्य. मी पंचवीस वर्षं पाठांतर ऐकलं आहे. कविता समजून म्हटली की चालीवर म्हटली हे मला डोळे मिटून कळतं. पण खाना भरायचा असतो, मी भरते. त्यांनी म्हटलं हे खरंच आहे.

ही तक्रार माझ्या एकटीची नाही. टोरोंटो विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ ब्रायन हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गमतीदार गोष्ट दाखवली. त्यांनी ऑस्कीच्या खोल्यांत विद्यार्थ्यांबरोबर मुरलेले डॉक्टरही पाठवले. चेकलिस्टवर मुरलेल्यांना कमी गुण पडले! कारण जाणता डॉक्टर तीस प्रश्न विचारतच नाही. तो सहाव्या प्रश्नाला मुद्द्यावर येतो, आणि यादी म्हणते चोवीस खाने रिकामे. म्हणून आता बहुतेक ठिकाणी यादीच्या जोडीला परीक्षकाचं एकूण मतही घेतात. मलाही विचारतात: ह्या डॉक्टरकडं पुन्हा जाल का? त्या एका प्रश्नाचं उत्तर देताना मी कधी अडखळले नाही.

रुग्णाचं ऐकायचं कसं यासाठी इथल्या मुलांना एक शब्द पाठ असतो, ‘फाइफ’. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं: तुम्हाला कसली भीती वाटते, हे कशामुळं झालं असं तुम्हाला वाटतं, रोजच्या कामात काय अडतं, आणि माझ्याकडून काय हवं. ही रीत ऑन्टॅरिओतल्याच लंडन गावच्या वेस्टर्न विद्यापीठात घडली; कॅनडातले कुटुंबवैद्यकाचे पहिले प्राध्यापक इयन मॅक्विनी १९६८ पासून तिथं होते. याच कॉलेजला अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० च्या गाजलेल्या अहवालात झोडपलं होतं. अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं बघून फ्लेक्सनरनी मॅकगिल आणि टोरोंटोची पाठ थोपटली, आणि हे मात्र वाईटातलं वाईट ठरवलं. वर्गातली नापास मुलगी पुढं सगळ्यांना बोलायला शिकवते, असं शाळेतही होतं.

आणि उत्तरेकडं सेवाग्रामची आठवण यावी असंही एक कॉलेज आहे. २००५ मध्ये थंडर बे आणि सडबरी ह्या दोन गावांत मिळून नॉर्दर्न ऑन्टॅरिओचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिल्या वर्षाची मुलं चार आठवडे आदिवासी वस्त्यांमध्ये राहायला जातात. तिसऱ्या वर्षी आठ महिने एखाद्या लहान गावात, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई तिकडची. ती सांगते, विद्यार्थी आले की तिचे काका मुद्दाम बोलायचे नाहीत, मासे पकडायला घेऊन जायचे. दोन दिवस गप्प बसता आलं तर तिसऱ्या दिवशी स्वतःच्या छातीतलं दुखणं सांगायचे. माझ्या आजीचं आणि त्यांचं जमलं असतं.

आता उलटा भाग. तीस वर्षं चाललेली ती राष्ट्रीय फिरती परीक्षा कोविडमध्ये बंद पडली आणि जून २०२१ मध्ये मेडिकल कौन्सिलनं ती कायमचीच गुंडाळली. दोन हजारांहून जास्त डॉलर फी, दूरच्या शहरात प्रवास, आणि ज्यांना आपापल्या कॉलेजात अशा परीक्षा रोजच द्याव्या लागतात त्यांची पुन्हा तीच परीक्षा कशाला, असं तरुण डॉक्टरांचं म्हणणं होतं. अमेरिकेनंही त्याच वर्षी आपली अशी परीक्षा बंद केली. कॉलेजांतल्या ऑस्की चालू आहेत, त्यामुळं माझं पोट चालू आहे. पण एका गटाला राष्ट्रीय पातळीवर खोल्या-खोल्या फिरणं चुकलेलं नाही. तो म्हणजे बाहेरच्या देशात शिकून आलेले डॉक्टर. त्यांना रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचा तर बहुतेक प्रांतांत ‘नॅक’ नावाची ऑस्की द्यावीच लागते, आणि ती देऊनही जागा मोजक्याच. ऑन्टॅरिओत जागा मिळालीच तर नंतर पाच वर्षं सरकार सांगेल त्या भागात सेवा.

मला ह्यात दुटप्पीपणा दिसतो, आणि तरी परीक्षा नकोच असंही म्हणवत नाही. अनोळखी देशातला डॉक्टर अनोळखी माणसाशी कसा बोलेल ते बघायला हवंच. फक्त ‘कसा बोलेल’ म्हणजे कुणासारखं बोलेल, हे एकदा उघड सांगून टाकावं.

हे मी म्हणते ते एका मुलीमुळं. बार्शीकडची. तिथं नऊ वर्षं तिचा दवाखाना होता. दिवसाला ऐंशी पेशंट, उन्हाळ्यात शंभर. आता इथल्या एका क्लिनिकमध्ये फोन उचलते आणि फायली लावते. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला भेटली, आणि मी काय करते हे कळल्यावर तिनं माझा हातच धरला. “काकू, रविवारी येऊ का सरावाला?” तिच्या परीक्षेशी माझा काही संबंध नाही, आणि माझ्या कामातली एकही केस मी तिला सांगत नाही, आमच्या नात्यागोत्यातली दुखणी घेऊन मी नव्या रचते. मावशीचा पित्ताशय, भावजयीचा थायरॉइड, सोलापूरच्या मामाचं दडवलेलं मद्यपान.

पहिल्या रविवारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तीन मिनिटांत निदान करून मोकळी झाली. निदान बरोबर होतं. मी म्हटलं, तुझे गुण गेले. तिला कळेचना. “पण काकू, पित्ताशयच आहे ना?” आहे. पण तू मला भीती वाटते का ते विचारलं नाहीस. “तुम्ही घाबरलेल्या दिसत नव्हता.” खरंच, मी त्या दिवशी घाबरलेलं काम करायला विसरले होते. हॉजेस यांच्या खोलीतले ते मुरलेले डॉक्टर मला तिच्यात दिसले. बार्शीत ती पेशंट दारातून आत येताना बघायची, चालण्यावरून निम्मं ओळखायची, आणि ‘काय मावशी, सुनेशी परत भांडलात का’ हा प्रश्न भावनांची दखल म्हणून पुरत असे. इथं टकटक करायची, हात धुवायचे, नाव सांगायचं, पेशंटला काय म्हणून हाक मारू ते विचारायचं, पुढं ‘फाइफ’. ती शिकली. झपाट्यानं शिकली. डोकं उजवीकडं कलतं करायलाही शिकली, आणि ते बघून मला उगाच वाईट वाटलं.

गेल्या रविवारी मी तिला गुडघा दिला. बासष्ट वर्षांची बाई, पायऱ्या उतरताना दुखतं. मोबाइलवर दहा मिनिटं लावली. ती बाहेरच्या खोलीत जाऊन आली, टकटक केली, सॅनिटायझर चोळला, नाव सांगितलं. सगळं नेमकं. मग दुखणं कसलं आहे ते विचारायची वेळ आली. संहितेप्रमाणं इथली मुलं दोनच पर्याय देतात, तीक्ष्ण की बोथट, चाकूच्या दुकानात असल्यासारखं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी उगीचच पाय जरा आखडून घेतला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ठणकतंय, काकू, का नुसतं चमकतं?”

“चमकते,” मी म्हटलं. “बसून उठलं का चमकते.”

मग दोघींच्याही लक्षात आलं. “इंग्रजीत,” मी म्हटलं. तिनं मोबाइलवरची दहा मिनिटं पुन्हा लावली आणि टकटक करायला बाहेर गेली.